‘पप्पा आज मुक्कामी आहेत का?’

(सातारा जिल्ह्यातून आलेलं पत्र, थोडं कमी करून देतेय.)

ताई, मी एसटीत वाहक आहे. मुलगी साडेसहा वर्षांची, झेडपीच्या शाळेत पहिलीला. मुलगा सव्वा वर्षाचा. बायको घर बघून ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. माझी आई आमच्याजवळच असते. माझी ड्युटी एक दिवसाआड मुक्कामी गाडीवर. दुपारी दोनला डेपोत हजर, रात्री गावात मुक्काम, सकाळी तिथूनच गाडी निघते, पुढच्या फेऱ्या करून कॅश भरून घरी यायला साडेबारा होतात. मग जेवून झोपतो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत ड्युटी. म्हणजे पोरांसाठी वेळ असा उरतच नाही. गेल्या रविवारी मी आत युनिफॉर्म घालत होतो तेव्हा मुलीने आईला विचारलं, पप्पा आज मुक्कामी आहेत का, आणि बायको हो म्हणाली तर पोरगी टाळ्या वाजवत नाचली. मी तसाच निघालो. त्या दिवशी तिकीट फाडताना दोनदा हिशोब चुकला. मी घरी असलो की घर गप्प होतं. ती आजीच्या मागे जाऊन बसते. तिने ऐकलं नाही की बायको म्हणते, येऊ दे तुझ्या पप्पांना. मागे एकदा मोबाईलवरून मी तिला जोरात मारलं होतं, तेव्हापासून जास्तच झालंय. मी दारू पीत नाही, पगार घरात देतो, कशाला कमी करत नाही. माझी आई म्हणते बापाचा धाक पाहिजेच, पोरीला डोक्यावर बसवू नको. मला तिच्याशी काय बोलायचं तेच सुचत नाही. ताई, पोरांना बाप नक्की कशासाठी लागतो? पैसा आणि धाक सोडून? वेळ नाही हे लक्षात घेऊन सल्ला द्या.

* * *

भाऊ,

तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर होतं, येता जाता वाचत होते. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीच पहिली-दुसरीच्या वर्गात, आणि या एकतीस वर्षांत पालक सभेला आलेले बाप बोटावर मोजता येतील, त्यातलेही निम्मे दाराशी उभे. त्यामुळे एखाद्या बापाने स्वतः बसून पोरीविषयी पानभर लिहावं, आणि ती नाचली हे दडवून न ठेवता लिहावं, हे मला फार मोठं वाटलं. ज्याला फरक पडत नाही त्याचा हिशोब चुकत नाही.

आधी एक सांगते, ती तुमचा राग राग करते म्हणून नाचली नाही. तुम्ही गेलात की टीव्ही लागतो, आई मोठ्याने बोलते, आजी गाणं म्हणते, पोरीला पसारा करता येतो. तुम्ही आलात की सगळे दबकतात. साडेसहा वर्षांच्या पोराला याच्यापेक्षा जास्त काही कळत नसतं, तिला एवढंच दिसतं की पप्पा असले की घर बंद आणि पप्पा गेले की घर चालू. हे तुम्ही एकट्याने केलेलं नाही, तुम्हा तिघांनी मिळून केलंय, तुम्ही न बोलून, बायकोने तुमचं नाव घेऊन भीती घालून आणि आईने त्याला पाठबळ देऊन. पण बदलायची सुरुवात तुम्हालाच करावी लागणार, कारण पत्र तुम्ही लिहिलंय.

आता वेळेचं. तुम्ही दोनदा लिहिलंय वेळ नाही म्हणून, तर मी तुमच्याच पत्रावरून वही घेऊन हिशोब मांडला. आज दुपारी साडेबाराला आलात की उद्या दुपारी दीडपर्यंत तुम्ही घरी. जेवून चार तास झोपा, ती झोप पाहिजेच, मुक्कामाला गाडीत नाहीतर देवळात कशी झोप लागते ते मला माहीत आहे, माझा मामा चालक होता. तुम्ही उठता तेव्हा ती शाळेतून येते. पाच ते नऊ, चार तास. सकाळी साडेसहा ते दहा, साडेतीन तास. म्हणजे दर दोन दिवसांत सात-साडेसात तास असे आहेत की तुम्ही दोघं जागे आहात आणि एका छपराखाली आहात, वर साप्ताहिक सुट्टी वेगळी. बदलापूर-टिटवाळ्याहून पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा बाप पोरांना झोपलेलं सोडतो आणि झोपलेलं बघतो, त्याने मला लिहिलं असतं वेळ नाही तर मी गप्प बसले असते. तुमच्याकडे वेळ आहे भाऊ. तो मोबाईलवर, पारावर आणि नुसतं पडून राहण्यात जातोय, आणि जातोय याचं कारण आळस आहे असं मला वाटत नाही, त्या वेळात घरात तुम्हाला कामच नेमून दिलेलं नाही म्हणून जातोय. पाहुण्याला कोण काम सांगतं?

केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात त्याची. १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के बायका विचारलेल्या दिवशी घरातल्या कुणाची तरी काळजी घेण्यात होत्या, पोरं, म्हातारी माणसं, आजारी असं सगळं धरून. पुरुष २१.४ टक्के. आणि जे पुरुष करतात त्यांचीही सरासरी दिवसाला ७४ मिनिटं, बायकांची १४०. म्हणजे तुमच्यासारखे घरोघरी आहेत. कायदासुद्धा असंच धरून चालतो, बाईला २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा, केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस, आणि खासगी कंपनीतल्या बापाला रजा द्यायलाच पाहिजे असा देशात कायदाच नाही. पहिल्याच महिन्यात आईला बाळ कसं धरायचं ते येतं कारण ती रोज धरते, बाप लांब राहतो, मग त्याला येत नाही, मग येत नाही म्हणून तो धरत नाही. मला हे फार खुपतं. नाव मात्र इतकी वर्षं बापाचंच लागत आलं, पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात आधी आईचं नाव येतं, मग बापाचं, तुमच्या धाकट्याच्या दाखल्यावर आलं असेल बघा.

तुमची आई जे म्हणते त्याविषयी पण बोलते, कारण ती माऊली वाईट बोलत नाहीये, तिने जे बघितलं ते सांगतेय. आपल्याकडे एकत्र घरात मोठ्यांसमोर स्वतःचं पोर उचलायची लाज वाटायची, भावाचं पोर उचलेल पण स्वतःचं नाही. माझे वडील तसेच. आजोबा ओसरीवर बसलेले असायचे तोवर वडिलांनी आम्हा पोरांकडे कधी नीट बघितलेलं मला आठवत नाही. पण रानात जाताना ओढा ओलांडला की ते इकडेतिकडे बघायचे आणि मला उचलून खांद्यावर घ्यायचे, आणि परत येताना त्याच ओढ्यापाशी उतरवायचे. मला तेव्हा वाटायचं ओढ्याच्या अलीकडचे वडील वेगळे आणि पलीकडचे वेगळे. ते गेले त्याला आता बावीस वर्षं झाली, मला त्यांचा कडक आवाज आठवत नाही, त्यांच्या डोक्यावरच्या टोपीचा घामट वास आठवतो, तो खांद्यावर बसल्याशिवाय येत नाही. त्यांची माया कमी नव्हती, ती दाखवायला जागा ओढ्यापलीकडे होती एवढंच. तुमच्या घरात आता आजोबा ओसरीवर नाहीत. तुम्ही अजून कुणासाठी थांबलाय?

तुम्ही विचारलंत बाप कशासाठी लागतो. मला एकतीस वर्षांत जे दिसलं त्यावरून सांगते, पोरांना जवळचं माणूस कोण वाटतं तर जे त्यांचं रोजचं करतं ते. नाक पुसणारं, बटण लावणारं, रात्री शूला उठवणारं. महिन्यातून एकदा महाबळेश्वरला नेऊन आईस्क्रीम खाऊ घालणारा बाप पोरांना आवडतो, पण ताप आला की पोर त्याला हाक मारत नाही. तुम्ही कशाला कमी करत नाही हे खरंच आहे, पण तुमचा पगार तिला दिसत नाही. तिला हात दिसतात.

म्हणून माझा सल्ला एवढाच की पोरीचं एक काम पूर्ण तुमच्याकडे घ्या. मदत नको. मदत म्हणजे बायकोने सांगायचं, काढून द्यायचं, मागे उभं राहून बघायचं आणि शेवटी स्वतःच करायचं, त्यात तिचं काम वाढतं. काम घ्यायचं म्हणजे त्याची आठवण, त्याचं सामान, त्यातली कटकट सगळं तुमचं. आणि माझ्या मते ते काम म्हणजे वेण्या.

हसू नका, मी अगदी विचार करून सांगतेय. झेडपीच्या शाळेत मुलींना दोन वेण्या आणि वर बांधलेल्या रिबिनी लागतात, तुम्ही घरी असाल त्या सकाळी दहा-पंधरा मिनिटं पोरगी तुमच्या पुढ्यात पाठ करून बसते. पाठ करून बसते हे महत्त्वाचं, कारण जिला तुमची भीती वाटते तिला तुमच्या तोंडाकडे बघत बोलता येणार नाही, आणि तुम्हालाही काय बोलायचं सुचत नाही असं तुम्हीच लिहिलंय, तर बोलायचं नाहीच मुळी, हात चालू ठेवायचे. माझ्या वर्गातल्या पोरी माझ्याशी सगळ्यात जास्त कधी बोलल्या असतील तर मधल्या सुट्टीत सुटलेली वेणी घालून देताना. पोर तेव्हा हळूच काहीतरी सांगतं, कुणी पेन्सिल घेतली, कुणी चिडवलं, कुणाच्या घरी मांजर व्यायली.

आता कसं घालायचं ते. आधी शिका, एकदम तिच्या केसांवर नको. मुक्कामाला गाडी लागली की जेवणं झाल्यावर तुम्हाला तासभर असतोच, सुतळीचे तीन लांब पदर घ्या आणि सीटच्या दांडीला बांधून पेड घालत बसा, उजवा मधल्यावर, डावा मधल्यावर, परत उजवा. गाय-बैलाचं दावं वळलेला हात असेल तर दोन रात्रीत जमेल. मग घरी, खोबरेल तेल कोमट करून बोटांनी मुळाशी लावायचं, केस विंचरताना टोकाकडून सुरुवात करायची, एकदम वरून फणी ओढली की गुंता खाली घट्ट होतो आणि पोर रडतं, आणि गुंत्याच्या वरच्या बाजूला केस मुठीत धरून ठेवायचे म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. भांग फणीच्या टोकाने कपाळापासून मानेपर्यंत पाडायचा. पहिल्या आठवड्यात एक उंच एक खाली होणार, दुपारपर्यंत सुटणार, होऊ दे. शनिवारी सकाळची शाळा असते त्या दिवशी लवकर उठावं लागेल. रविवारी बारीक फणीने उवा-लिखा बघायच्या, ते पण तुमच्याकडेच. रिबिनी धुवून सुकवून जागेवर ठेवणं पण. तुम्ही मुक्कामाला असाल त्या सकाळी आई घालेल, पण ड्युटीला निघण्याआधी रिबिनी काढून ठेवायचं काम तुमचं.

ती पहिल्या दिवशी बसणार नाही हे धरून चला. आईच पाहिजे म्हणून रडेल, कदाचित आजीमागे लपेल. तेव्हा ओढायचं नाही, ओरडायचं नाही आणि रुसून उठून पण जायचं नाही. बरं, आज फक्त तेल लावू, वेणी आई घालेल, असं म्हणायचं. पुढच्या वेळी फक्त विंचरू. किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही, पोरी वेगवेगळ्या असतात, पण तुम्ही चार दिवसांत वैतागून सोडून दिलंत तर तिला कळेल की पप्पांचं हे असंच असतं, आणि दुसऱ्यांदा आणखी अवघड जाईल.

त्याच्या आधी मात्र एक करायचंय, आणि ते सगळ्यात जड जाणार आहे. तुम्ही तिला मारलं होतं ना, त्याची माफी मागा. तुम्हाला वाटेल ती विसरली असेल. विसरलेली नाही, तुम्हीच लिहिलंय तेव्हापासून जास्त झालंय. घरात गर्दी नसताना खाली तिच्याशेजारी बसा आणि दोन वाक्यं बोला, मी तुला त्या दिवशी मारलं ते चुकलं, मी परत तुला मारणार नाही. बस. ‘पण तू पण ऐकत नव्हतीस’ हे जोडायचं नाही, ते जोडलं की माफी उडून जाते. आणि मग खरंच परत मारायचं नाही, एकदाही. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आली तेव्हा आमच्यातले कितीतरी शिक्षक म्हणत होते आता पोरं बिघडणार, वर्ग हातात राहणार नाहीत. मी पण तेव्हापर्यंत पट्टी वापरलेली बाई आहे आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं, दोन पोरांचे चेहरे तर अजून डोळ्यांसमोर येतात. पट्टी सोडली आणि वर्ग हातात राहिला. मोबाईलचं म्हणाल तर वेळ ठरवून द्या, आणि तो नियम तुम्हाला पण लागू, ती समोर असताना तुमचा मोबाईल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत.

आता बायकोशी बोलायचं. ‘येऊ दे तुझ्या पप्पांना’ हे बंद व्हायला पाहिजे, कारण त्या एका वाक्याने तुम्ही घरात नसताना सुद्धा तुमची भीती घरात हजर राहते. पण तिला दोष देऊन बोललात तर ती बरोबरच चिडेल, दोन पोरं, सासूबाई, मशीनवर बसायचं, रात्री-अपरात्री एकटीने सगळं, एवढ्यात पोर ऐकेना झालं की हाताशी जो धाक असेल तो ती वापरते. आईसमोर नको, पोरीसमोर तर नकोच, दोघंच असताना म्हणा की मला पोरीचं काहीतरी करायचंय, मला शिकव, आणि माझ्या नावाने तिला भीती घालू नको, मला तिच्याजवळ जाता येत नाही त्याने. असं म्हटलेलं कुठल्याही बाईला कळतं. दुसरं, तिला सांगा की मी करत असताना तू तिथे थांबू नको. हे मी बायकांनाही नेहमी सांगते, नवऱ्याने बाळ घेतलं की लगेच ‘द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं’ म्हणून हात पुढे होतो, आणि त्याला तेच पाहिजे असतं. महिन्यातून एक रविवार तिला सकाळीच माहेरी नाहीतर मैत्रिणीकडे धाडून द्या आणि दोन्ही पोरं तुमच्याकडे. धाकट्याची शी-शू, त्याचा भात, त्याला झोपवणं, सगळं. आजी असतील मदतीला, पण त्यांना सांगा की मी हाक मारली तरच या.

धाकट्याचं पत्रात तुम्ही एकच वाक्य लिहिलंय. त्याच्याबाबतीत तुम्ही पाच वर्षं आधी जागे झालात असं समजा. त्याला आत्ता तुमची भीती नाही, त्याला तुम्ही कुणीतरी खाकी शर्टवाले आहात. रोज त्याची आंघोळ घाला, एवढं पुरे.

मुक्कामाच्या रात्रीचं. तिच्या झोपायच्या आधी, समजा साडेआठला, फोन करायचा, ठरलेल्या वेळी. रेंज नसेल तर वाटेत रेंज मिळेल तिथून व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, आई लावून देईल. आणि ‘अभ्यास केलास का, जेवलीस का, आईला त्रास दिलास का’ हे तीन प्रश्न विचारायचे नाहीत, त्याची उत्तरं हो, हो, नाही अशीच येतात. तुम्ही सांगा. तुम्ही दिवसभर गाडीत कितीतरी माणसं बघता, कुणी कोंबडी पिशवीत घालून आणली, कोण म्हातारी आजी दरवेळी सुट्टे पैसे रुमालाच्या गाठीतून काढते, घाटात माकड काचेशी आलं. मी एवढी पुस्तकं वाचली मुलांना, पण अशा गोष्टी माझ्याकडे नव्हत्या. बोलायला सुचत नाही म्हणता, तुमच्याइतकं सांगण्यासारखं कुणाकडे असेल?

इथे मला एका बापाची आठवण होते, सुभेदार रामजी सकपाळ, बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. परळच्या चाळीत एक खोली, त्यात सगळं कुटुंब, सामान, चूल. मुलाला अभ्यासाला जागाच नाही. तर ते भीमरावांना संध्याकाळी लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि मग त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने आणायचे. पेन्शनीत निघालेला, हातात पैसा कमी असलेला माणूस. बाबासाहेबांविषयी बोलताना आपण त्यांच्या बुद्धीविषयी बोलतो, पण मला त्या रात्री दोन वाजता जागा असलेला बाप पण दिसतो. तुम्हालाही रात्री-अपरात्री जागायची सवय आहे म्हणून सांगितलं. अवेळी का होईना पण ठरलेल्या वेळी हजर, एवढं जमलं तरी पोराला पुरतं.

अभ्यासाचं म्हणाल तर पहिलीत अभ्यास म्हणून वेगळं काही घेऊन बसू नका, धाक परत तिथूनच शिरतो. त्याऐवजी तिच्याशी एसटी-एसटी खेळा. खरंच. चार पाट नाहीतर खुर्च्या एकामागे एक मांडायच्या, ती कंडक्टर, तुम्ही प्रवासी, धाकटा ड्रायव्हर. घरातली चिल्लर तिच्या पिशवीत. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला, ते तुम्ही शिकवा. तुम्ही वीसची नोट द्या आणि तेरा रुपयांचं तिकीट मागा, ती सात रुपये मोजून परत देईल, वीसच्या आतली वजाबाकी आमच्या वर्गात याच्यापेक्षा बरी कधी झाली नाही. पाच ते बारा वयाला हाफ तिकीट असतं ते तिला सांगा, म्हणजे ती आता स्वतः तिकिटाची झाली हे कळून तिला भारी वाटेल. आणि या खेळात एक गोष्ट आपोआप होते, ती तुम्हाला ऑर्डर सोडते. पुढे सरका, सुट्टे द्या, दारात उभं राहू नका. जिला तुमच्यासमोर तोंड उघडायची भीती वाटते ती तुम्हाला रागवू शकते आणि तुम्ही ऐकता. आजींना पण पॅसेंजर करा, त्यांच्या हातात पिशवी द्या. त्यांना समजावत बसू नका की आजकालच्या पोरांना धाक चालत नाही वगैरे, त्या वादात तुम्ही हरणार, त्यांना गाडीत बसवा.

शाळेत जा. ज्या सकाळी घरी असता त्या सकाळी तिला तुम्हीच सोडा, चालत. तिच्या बाईंना भेटा, ती वर्गात कुणाशेजारी बसते विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच किमान पाऊण सदस्य पालक असावे लागतात, गावोगावी तिथे नावापुरती माणसं भरतात, तुमच्यासारखा रोज माणसांशी बोलणारा पालक मिळाला तर मुख्याध्यापक हातात हात घेतील.

अजून एक, तिचं लसीचं कार्ड काढून बघा. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो, झालाय का तुम्हाला माहीत आहे? तिच्या चपलेचा नंबर? झोपताना कुठली गोधडी लागते? तुमची परीक्षा घ्यायला नाही विचारत. आईला हे सगळं पाठ असतं कारण ते कुणीतरी लक्षात ठेवायलाच लागतं, त्यातलं अर्धं तुमच्या डोक्यात आलं की बायकोचं डोकं तेवढं हलकं होतं. लस राहिली असेल तर उपकेंद्रात तुम्हीच घेऊन जा, दंडाला सुई टोचताना तिला धरायला तुम्ही असाल.

आणि ती मुलगी आहे म्हणून हे आत्ताच करायला सांगतेय. आपल्याकडे पोरगी दहा-अकराची झाली की बाप हळूहळू लांब होतो, जवळ बसत नाही, बोलतो ते आईमार्फत. ज्यांचं आधीच तुटक असतं त्यांचं तेव्हा पूर्ण तुटतं. पाळी सुरू झाली, पोट दुखतंय, एसटी स्टँडवर कुणी पोरगा मागे लागलाय, हे तिने तुम्हाला सांगावं असं वाटत असेल तर ती सवय साडेसहा वर्षांपासून लागते. माझ्याकडे आठवी-नववीतल्या जुन्या विद्यार्थिनी यायच्या, बाई घरी सांगू नका म्हणायच्या, आणि मी विचारायचे आईला का नाही सांगत तर म्हणायच्या आई पप्पांना सांगेल. म्हणजे सगळी भीती शेवटी पप्पांची. मला तुमच्या पोरीचं नाव त्या यादीत नको आहे.

पहिल्या महिन्यात एवढं सगळं करायला जाऊ नका. माफी, वेण्या आणि साडेआठचा फोन. खेळ तिला वाटेल तेव्हा ती स्वतःच मागेल. नाचणं बंद झालं की नाही ते मोजत बसू नका, कधीतरी मुक्कामाच्या दिवशी ती विचारेल, उद्या किती वाजता येणार, तेव्हा तिला घड्याळात दाखवून सांगा, साडेबारा म्हणजे दोन्ही काटे कुठे असतात ते. पहिलीला घड्याळ नीट येत नाही अजून.

रिबिनी घ्यायला जाल तर आधी शाळेत रंग विचारून घ्या, आणि एक जोडी जास्त घ्या, पोरी रोज एक हरवतात.

तुमची,
ताई